दहा पौंडांचं बेट

मुलांच्या परीक्षेचं वेळापत्रक फ्रिजच्या दारावर चिकटलं की गिरगाव ते दादर या पट्ट्यातल्या मराठी घरांत एक ठरावीक बोलणं सुरू होतं. "यंदा कुठेतरी बेटावर जाऊ या," घरातलं एक माणूस म्हणतं. "कोणत्या?" दुसरं विचारतं. "कोणत्याही. हिरवंगार पाहिजे, जंगल पाहिजे, जंगलात प्राणी पाहिजेत. आणि पाण्याखाली जाऊन मासे बघायचेत." इथवर सगळं सुरळीत चालतं. मग घरातलं निवृत्त माणूस पेपर खाली न ठेवता विचारतं, "आणि बजेट?" यानंतर जी शांतता पसरते तिच्यातून शेवटची अट जन्माला येते : स्वस्तही पाहिजे. मग आठवडाभर अंदमान, बाली आणि थायलंड यांची आपसांत तुलना होते. कुणाच्या तरी मेहुणीच्या नणंदेनं माणशी किती भरले याची खात्रीलायक माहिती गोळा होते, आणि शेवटी अर्ध्या लाखाच्या आसपासचा एक आकडा 'तसा बराच कमी' म्हणून मंजूर होतो. या सगळ्या खटाटोपावर आमचा आक्षेप एवढाच, की त्यात उमेदवारांची यादीच अपुरी असते. उष्ण कटिबंधातलं बेट, त्यावर रान, रानात जनावरं, भोवती समुद्र, समुद्राखाली जीवसृष्टी आणि मध्यमवर्गीय खिशाला झेपणारा खर्च, या सगळ्या अटी पुऱ्या करणारं पहिलं ठिकाण म्हणजे ज्या जमिनीवर खुर्च्या टाकून ही बैठक भरली आहे ती जमीन. हे विधान विनोदी वाटलं तरी पुराव्यानिशी मांडता येतं, आणि पुरावा भरपूर असल्यामुळे तो मांडण्याचा मोह आवरत नाही.

पहिली अट बेटाची. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटं शाळेत प्रत्येकानं पाठ केलेली असतात आणि परीक्षा संपल्यावर विसरलेली असतात. गिरगाव मुंबईच्या बेटावर, लालबाग परळच्या बेटावर. म्हणजे जुन्या हिशेबानं गिरगावची मुलगी लालबागला दिली की ती थेट परबेटी गेली. स्वस्त बेटाचा विक्रमही इथलाच आहे. १६६१च्या तहानं हे बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाकडे गेलं. हुंड्यात नेमकं काय ठरलं होतं, नुसती मुंबई की आसपासचा मुलूख धरून, यावरून दोन्ही पक्षांत पुढे बरीच कुरबुर झाली, म्हणजे लग्न अगदी रीतसर पार पडलं. राजाला या मालमत्तेचं काय करावं हे कळेना, तेव्हा १६६८ साली त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, भाडं वर्षाला दहा पौंड. दहा पौंडांत हवे तितके दिवस, हव्या तितक्या रात्री, समुद्र चारी बाजूंना. अशी सहल त्यानंतर एकाही कंपनीनं काढलेली नाही. गिरगावात पागडीच्या जागेत राहणाऱ्यांना मात्र यात काही विशेष वाटणार नाही. भाडं नाममात्र, ताबा कायमचा, दुरुस्ती कुणी करायची याचा पत्ता नाही आणि मालक कुठेतरी लांब बसून चरफडतोय, ही व्यवस्था ते रोज जगतात. १९४७चा भाडेनियंत्रण कायदा येण्याच्या पावणेतीनशे वर्षं आधी कंपनी या बेटावरची पहिली पागडीवाली होऊन बसली होती, इतकंच.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे. आता कसलं बेट? भराव घालून सगळं सपाट केलंय, पूल बांधलेत, बेट नकाशातसुद्धा सापडत नाही. यातला इतिहास खरा आहे. वरळीचं खिंडार बुजवणारा हॉर्नबीचा बांध १७८४च्या सुमारास झाला, १८४५मध्ये माहीमचा कॉजवे झाला. या कॉजवेसाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि अट घातली म्हणतात ती अशी, की त्यावर टोल घ्यायचा नाही. बजेट प्रवासाचा इतका सखोल विचार या शहरात पुन्हा झाला तो थेट ऑक्टोबर २०२४मध्ये, हलक्या वाहनांना मुंबईच्या वेशीवर टोल माफ झाला तेव्हा. पण पूल बांधला म्हणून बेट बेटपण सोडत नाही. ते फक्त दबा धरून बसतं. पावसाळ्याच्या तोंडाला महापालिका साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, आणि ती यादी वाचून लोक कोणत्या तारखेला साखरपुडा ठेवायचा नाही ते ठरवतात. ही खास बेटावरची रीत आहे, पठारावर असलं काही करावं लागत नाही. २०२५च्या विसर्जनात लालबागच्या राजालाही भरतीनं गिरगाव चौपाटीवर तासन् तास थांबवलं. ज्याच्यासाठी लोक दिवसदिवस रांगेत थांबतात त्याला थांबवण्याची ताकद ज्या पाण्यात आहे, त्या पाण्यानं वेढलेल्या जमिनीला बेट म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि एवढ्यानंही शंका फिटत नसेल तर जुलैतल्या एखाद्या दुपारी दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहावं. कुर्ला-शीव दरम्यान रुळांवर पाणी चढलं की दहा मिनिटांत सगळ्या गर्दीला एकदम भूगोल आठवतो. "आता कसं जायचं?" "नाही जायचं. बहिणीकडे थांबायचं." अंदमानात बोट रद्द झाली की हाच संवाद होतो, फक्त तिथं बहीण नसते, त्यामुळे हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाढतं.

उष्ण कटिबंधाचा मुद्दा फार ताणायला नको. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, मुंबई एकोणिसावर, प्रश्न मिटला. ज्यांचं समाधान नकाशावर होत नाही त्यांनी मेमध्ये दुपारी बनियन वाळत घालून बघावं. नारळ-केळीची शोभा हवी असेल तर गिरगावच्या पत्त्यांकडे पाहा : फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, खेतवाडी. हीच नावं इंग्रजीत पाटीवर लिहून कुणी बांबूची कमान उभारली असती तर आपण एका रात्रीचे आठ हजार हसत मोजले असते. आता या वाड्यांत फणसाला जागा उरलेली नाही हे कबूल. पण रिसॉर्टच्या जाहिरातीत दाखवलेली झाडं तरी प्रत्यक्षात कुठे असतात?

खरी चुरस आहे ती जंगल आणि जनावरं या कलमात, आणि इथंच मुंबईचा निकाल निर्विवाद लागतो. आपण अंदमानला जंगल बघायला जातो. जंगल आहेच, आणि ते खरोखर घनदाट आहे. पण त्यात वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हासुद्धा नाही. तिथला मूळचा, जमिनीवरचा सर्वांत मोठा सस्तन प्राणी म्हणजे रानडुक्कर. चितळं इंग्रजांनी नेऊन सोडलेली, हत्ती लाकडं ओढायला नेलेले. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि मोठ्या आहेत, पण त्या पाहाव्यात अशी इच्छा धरणारा पर्यटक सहसा मराठी नसतो. हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, एलिफंट बीच नावाचा किनारा आहे. तिथं मुलं बोटीतून उतरताच विचारतात, "बाबा, हत्ती कुठंय?" आणि बाबा कुणाला तरी फोन लागतोय का ते बघू लागतात. आपल्याकडे घारापुरीलाही हत्ती नाही, पण निदान तो गेला कुठे ते सांगता येतं. ज्या दगडी हत्तीवरून परक्यांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला होता, उचलताना तो तुटला, मग पुन्हा जोडून राणीच्या बागेत ठेवला. हत्तीला परळच्या आसपास स्थायिक व्हावं लागलं यात त्याचं नुकसान झालं असं लालबागमधल्या कुणालाही वाटणार नाही.

राणीच्या बागेचं तर स्वतंत्र प्रकरण करावं लागेल. आईवडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपयांत आत जातात आणि २०१६ साली आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांच्या कुटुंबासमोर उभे राहतात. उष्ण कटिबंधातल्या बेटावर पेंग्विन पाहायचा असेल तर दुसरा ठळक पर्याय गॅलापागोस, आणि तिथं भायखळ्याहून स्लो लोकल जात नाही. पेंग्विनांची खोली थंडगार ठेवलेली असते, त्यामुळे मेमध्ये बघणारे त्यांच्याकडे प्राणिप्रेमानं पाहतात की काचेपलीकडच्या एसीकडे, हे ठरवणं अवघड जातं. "चला आता पुढे, वाघ बघायचाय," असं बायको म्हणते. "थांब गं, मुलांना नीट बघू दे," असं नवरा म्हणतो, आणि मुलं केव्हाच कुल्फीवाल्याकडे गेलेली असतात. एक गैरसोय आहे. बाग बुधवारी बंद असते, आणि कुटुंबातल्या सर्वांना एकत्र सुट्टी मिळाली असा वार नेमका बुधवारच निघतो. पण बंद दारासमोर उभं राहून एकमेकांना "तुला सांगितलं होतं" म्हणण्याचा जो आनंद आहे तो परदेशात विमानभाडं मोजून घ्यावा लागतो.

उरला बिबट्या. यावर लगेच कुणीतरी म्हणेल की बिबट्या बोरिवलीला, ते आमचं बेट नव्हे. अगदी बरोबर, ती साष्टी. पण सहलीच्या माहितीपत्रकात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेण्यासाठी वेगळे पैसे घेतात, त्या प्रकाराला चर्नी रोड ते बोरिवली असं म्हणतात आणि सेकंड क्लासच्या तिकिटाला वीस रुपयेही पडत नाहीत. तिथं शंभरेक चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, त्यात शंभराहून अधिक कान्हेरी लेणी आणि आत-बाहेर मिळून पन्नासच्या आसपास बिबटे. इतक्या दाट वस्तीच्या शहराच्या हद्दीत मोकळे फिरणारे बिबटे जगात फारशा ठिकाणी नाहीत. तो दिसेलच अशी हमी नाही हे खरं. पण ताडोबाला तरी कोण देतं? उलट इथं तो न दिसण्यातच सगळ्यांचं, मुख्यतः त्याचं, हित आहे. ज्यांना न हलणारं, भरवशाचं वन्यजीवन हवं त्यांनी शिवडीच्या जेटीवर जावं. हिवाळ्यापासून मेपर्यंत ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली घालून उभे असतात. शिवडीहून निघणाऱ्या सागरी पुलाच्या कामानंतर त्यांनी ठाणे खाडीची आणि नवी मुंबईची बाजू जास्त धरली अशी तक्रार ऐकू येते. यात पक्ष्यांना दोष देता येत नाही, परळचे निम्मे लोकही नवी मुंबईलाच गेले.

आता डायव्हिंग. इथं मराठी पर्यटकाचं पीठ म्हणजे मालवण-तारकर्ली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात तासाभराच्या बोटफेरीत माणसाला मुखवटा चढवून, तोंडात नळी देऊन, मानेला धरून खाली नेतात आणि माशांसोबत त्याचा व्हिडिओ काढतात. गिरगाव-लालबागमधली निम्मी घरं मुळात तिकडचीच. आजोबा देवबागचे, काका अजून तिथंच होडी घालतात, आणि नातू त्याच पाण्यात उतरायला ऑनलाइन आगाऊ पैसे भरतो, कारण काकांकडे पॅकेज नाही. पाण्याखाली जाण्याआधी दोन मिनिटांचं शिक्षण होतं. नाकानं श्वास घ्यायचा नाही. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवायचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'. हे सगळे मान डोलावून ऐकतात. मग खाली गेल्यावर पहिला पिवळा पट्टेदार मासा दिसतो, माणूस भारावतो आणि आयुष्यभर छान गोष्टीला जे करत आला ते करतो : अंगठा वर. प्रशिक्षक कर्तव्यनिष्ठ असतो, तो त्याला तत्काळ वर आणतो. "काय झाला?" "काही नाही, मस्त होतं!" पुन्हा खाली, पुन्हा मासा, पुन्हा अंगठा. कौतुक करण्याची सवय असलेल्या भल्या माणसाचं भाडं अशा रीतीनं बहुतेक बोटीच्या कडेला लोंबकळण्यात वसूल होतं. स्वभावानं खवचट आणि कशालाच छान न म्हणणारा दादरकर मात्र पूर्ण वेळ खाली राहतो.

मुंबईच्या समुद्रात हे होणार नाही असा आक्षेप आहे आणि तो अर्धा मान्य करावा लागतो. दादरच्या पाण्यात डोकं घालावं असं आम्ही शत्रूलाही सुचवणार नाही. पण पाण्याखाली काही नाहीच, असं म्हणणाऱ्यांनी सरकारी कागद वाचावेत. २०१३च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर कित्येक भाविकांना पाकट माशांनी नांग्या मारल्या, आणि तेव्हापासून दरवर्षी विसर्जनाआधी स्टिंग रे आणि जेलीफिशपासून सावध राहण्याच्या सूचना निघतात. इतक्या अधिकृतपणे माशांच्या उपस्थितीची ग्वाही मालदीवमध्येही मिळत नाही. २०१७पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना याच चौपाटीच्या, हाजी अलीच्या खडकांवर फिरवतात आणि समुद्रफुलं, स्पंज, शंखातले खेकडे, क्वचित एखादा ऑक्टोपस दाखवतात. त्यासाठी नळी लागत नाही, मुखवटा लागत नाही, श्वास नाकानं घेतला तरी चालतो, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून फोटो काढावा लागत नाही. फक्त वाकावं लागतं. गुडघ्यांचं ऑपरेशन लांबणीवर टाकून अंदमानला निघालेल्या पिढीला हीच अट तेवढी जड जाते.

याच किनाऱ्यावर पोवळीही आहेत, ज्यांच्यासाठी लोक हॅवलॉकला काचेच्या तळाच्या बोटीत बसतात. वन्यजीव कायद्यानं पोवळं आणि वाघ एकाच पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कोस्टल रोडच्या वाटेत वरळी-हाजी अलीला पोवळ्यांच्या वसाहती निघाल्या तेव्हा त्यांना नुसतं भरावाखाली गाडता येईना. २०२०मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीत त्यांचं स्थलांतर झालं, आणि काहींना जागा मिळाली नेव्ही नगरजवळ, कुलाब्याला. हे वाचून लालबाग-परळमध्ये जी खळबळ माजायला हवी होती ती माजली नाही, याचं आम्हाला आश्चर्य वाटतं. प्रकल्पबाधित म्हणून नोंद होणं, पाहणी वेळेवर होणं, काम सुरू होण्याआधी पर्यायी जागा मिळणं, ती जागा दक्षिणेला मिळणं आणि स्थलांतरानंतर अधिकाऱ्यांनी पुन्हा येऊन "बरं आहे ना?" विचारणं, हे गिरणगावातल्या एका तरी चाळीच्या वाट्याला आलं असेल तर कळवावं. आमच्या माहितीतली बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात गेली ती तिथंच नातवंडांची मुंज करून मोकळी झाली. पाठीचा कणा नसलेल्या एका प्राण्यानं हे साधलं, यात काहीतरी शिकण्यासारखं आहे असं सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटू शकेल.

शिवाय पाण्याखाली जायचंच असेल तर कोरड्या कपड्यांत जाण्याची सोय याच बेटानं केली आहे. कोस्टल रोडचे दोन किलोमीटरचे जोडबोगदे मलबार हिल आणि गिरगाव चौपाटीलगतच्या समुद्राखालून जातात. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो गिरगावच्या पोटात थांबते, आणि तिचं नावही ॲक्वा लाइन. जमिनीखाली कित्येक मजले उतरल्यावर कान दडपतात, मोबाइलची रेंज जाते, बाहेर आलं की डोळे दिपतात आणि आपण ठाकूरद्वारच्या कोणत्या बाजूला निघालो हे क्षणभर कळत नाही. डायव्हिंगची ही सगळी लक्षणं दहा रुपयांपासून सुरू होणाऱ्या तिकिटात मिळतात. ज्यांना भिजायचंच आहे त्यांच्यासाठी हिंदमाताचा चौक आहे. तिथलं पाणी साठवायला महापालिकेनं जमिनीखाली प्रचंड टाक्या बांधल्यापासून पूर्वीची खोली मिळत नाही अशी जुन्याजाणत्यांची हळहळ आहे, पण एखाद्या जुलैत नशीब उघडतं.

एक आक्षेप आदरानं घ्यायला हवा. अंदमानला आम्ही मजा करायला नाही, सेल्युलर जेल बघायला जातो, असं मराठी माणूस सांगतो, आणि सावरकरांच्या कोठडीसमोर त्याचा आवाज खरोखर बदलतो. याची चेष्टा करायचं कारण नाही. एवढंच नोंदवावंसं वाटतं, की जेलला अर्धा दिवस आणि एक ध्वनिप्रकाश कार्यक्रम देऊन उरलेला सगळा आठवडा तो बोटीवर, किनाऱ्यावर आणि नारळपाण्याच्या भावावर घालवतो. आणि ज्या घरात सावरकर १९३८पासून अखेरपर्यंत राहिले ते सावरकर सदन शिवाजी पार्कात आहे, जिथं हा माणूस रोज सकाळी तीन फेऱ्या मारतो. "आत गेलायत का कधी?" असं त्याला विचारावं. "जायचंय एकदा," तो म्हणतो, आणि चौथी फेरी मारायला निघतो.

इथं खर्चाचा प्रश्न येतो, आणि सगळ्या पुराव्याचं वजन एका बाजूला असूनही माणसं दुसऱ्या बाजूला का जातात याचं उत्तरही तिथंच आहे. स्वस्त सहलीतली स्वस्ताई खिशात फारशी जाणवत नाही. ती सांगताना जाणवते. अर्धा लाख खर्चून आलेला माणूस परतल्यावर सांगतो ते, आपण शहाळं ऐंशीचं साठला कसं पाडलं. लालबागच्या चिवडा गल्लीतून नेलेला दोन किलो चिवडा पाचव्या दिवसापर्यंत पुरवून हॉटेलचं जेवण कसं टाळलं, हॉटेलातल्या चहाच्या पुड्या, साबणाच्या वड्या आणि शिवणाचं छोटं पाकीट एकही मागे कसं ठेवलं नाही. हे सांगायला श्रोता लागतो, आणि श्रोत्याला ते बेट परकं असावं लागतं. आता मुंबई बेटावरची सहल करून आलेल्या कुटुंबाची अवस्था बघा. चाळीच्या गॅलरीत शेजारच्या वहिनी विचारतात, "दिसला नाहीत सकाळपासून?" "शिवडीला गेलो होतो." वहिनींचा चेहरा पडतो. "अगं बाई, कुणाला ॲडमिट केलंय?" कारण शिवडी म्हणजे टीबी हॉस्पिटल, तिथं निरोगी माणूस पक्षी बघायला जातो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. बोरिवलीला गेलो म्हणावं, तर "जागा बघताय वाटतं? किती म्हणतायत?" भायखळ्याला म्हणावं, तर वहिनी आवाज खाली घेतात, कारण तिथं जेलही आहे. घारापुरी ही चौथीतली शाळेची सहल, प्रौढ माणसानं ती पुन्हा केली तर परिस्थिती फारच खालावली असा अर्थ निघतो. चौपाटी विसर्जनाची. म्हणजे या बेटाचा कोपरा न् कोपरा आधीच कुठल्या ना कुठल्या कामासाठी, आजारासाठी नाहीतर व्यवहारासाठी दिलेला आहे. सहलीसाठी मोकळी जागा शिल्लक नाही. बेटावर ज्या गोष्टी हव्यात त्या सगळ्या इथं आहेत, फक्त "अय्या, खरंच?" म्हणणारी वहिनी नाही.

"पण तिथं निवांतपणा मिळतो, तो इथं कुठला?" असा शेवटचा आक्षेप उरतो, आणि वरवर तो बिनतोड आहे. त्याची तपासणी करायला हॅवलॉकवरच्या राधानगर किनाऱ्याइतकी चांगली जागा नाही. आशियातल्या सुंदर किनाऱ्यांत त्याची गणना होते. पांढरी वाळू, मागे जंगलाची भिंत, समोर सूर्य पाण्याला टेकायला आलेला. अशा वेळी तिथं गुडघाभर पाण्यात विजारी दुमडून दोन अनोळखी माणसं हमखास उभी असतात. एकाच्या हातात चिवड्याची पिशवी असते, आणि पिशवीवरचा पत्ता दुसऱ्यानं वाचलेला असतो.

"लालबाग का हो तुम्ही?"

"मूळचे. आता डोंबिवली. तुम्ही?"

"खाडिलकर रोड. अजून तिथंच आहोत, बिल्डिंग पडत नाही तोवर."

"रीडेव्हलपमेंटला दिली नाही?"

"दिली की. दोन बिल्डर पळाले, तिसरा आलाय."

मागून हाक येते, "अहो, सूर्यास्त! दोन मिनिटं राहिलीत, मग म्हणाल दिसला नाही!"

"बघतोय, बघतोय," दोघंही वळून न बघता म्हणतात. "हां, तर काय सांगत होतात, कार्पेट किती देतोय?"